भूत उतरवणारा उस्ताद

झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गनवाल्याला दोन कामं असतात. एक म्हणजे गाण्याला साथ करणं. दुसरं कोणी बोलून दाखवत नाही, पण तेच मोठं असतं: नाटकाची लाज राखणं. खलनायकाची मिशी गळून पडली, नायिका विंगेत चहा पीत राहिली, राजाला पुढचं वाक्य आठवेना, की सगळी मंडळी ऑर्गनवाल्याकडे बघतात. त्याने काहीतरी वाजवायचं, प्रेक्षकांना वाटायला हवं की हे नाटकातच आहे. मी हे काम जन्मभर केलं आणि चांगलं केलं. एकदा सिंदेवाहीकडे मेलेल्या बापाच्या भूमिकेतल्या नटाला रंगमंचावरच शिंक आली, तेव्हा मी असा काही सूर धरला की बाया पदर डोळ्याला लावून रडायला लागल्या.

या अंकाच्या संपादकांनी असेच गमतीचे किस्से मागितले होते. माझ्याकडे ते पोतंभर आहेत. पण गेल्या काही दिवसांत लिहायला बसलं की एकच गोष्ट पुढे येते आणि तिच्यात माझी स्वतःची लाज राखायला खाली कोणी ऑर्गनवाला बसलेला नव्हता. म्हणून तीच लिहितो.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी हबीब. चंद्रपुरात आमचं पेटी दुरुस्तीचं दुकान वडिलांपासून आहे. दिवाळी झाली, धान घरात आलं, की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं सुरू होतात आणि होळीपर्यंत मी कंपनीबरोबर फिरतो. उरलेलं वर्ष दुकानात पेट्यांचे भाते चिकटवायचे, सूर घासायचे. सगळे मला मास्तर म्हणतात. शास्त्रीय गाणं मी शिकलो नाही. एका गुरुजींकडे काही महिने गेलो होतो. भूपाली संपायच्या आधी सीझन सुरू झाला आणि माझी तालीम तिथेच राहिली. मात्र खरं गाणं कशाला म्हणतात ते कानाला कळतं, आणि आपल्याला ते येत नाही हेही कळतं. एवढी अक्कल शाबूत होती म्हणून पुढचा त्रास जास्त झाला.

पावसाळा सरता सरता, सीझन सुरू व्हायला अवकाश होता तेव्हा पंकज दुकानात आला. पंकज म्हणजे लग्नाचे व्हिडिओ काढणारा आमच्याच गल्लीतला पोरगा. त्याने भुताचा सिनेमा काढायचं ठरवलं होतं. गोष्ट अशी: एका जमीनदाराकडे गवई असतो, तो राग अर्धा सोडून मरतो, त्याचं भूत नव्या सुनेला धरतं. मग बाहेरून एक उस्ताद येतो, तो राग पूर्ण वाजवतो आणि भूत उतरतं. अट एकच. राग पूर्ण होईपर्यंत धरलेल्या माणसाने जागचं हलायचं नाही. हललं की मेलं.

"मास्तर, राग तुमीच बनवा," पंकज म्हणाला.

"अरे, राग काय वरणभात आहे का बनवायले?"

"दहा मिनिटाचा पायजे फक्त."

शूटिंग मूलजवळच्या एका बंद राईस मिलमध्ये झालं. भुताचा सिनेमा, पण सगळा भर दुपारी काढला, कारण संध्याकाळनंतर त्या रस्त्याने वाघ फिरतो आणि भुताचं काम करणारी शेवंताबाई म्हणाली की पाच वाजले की मी घरी. मिलच्या खिडक्यांना काळी ताडपत्री लावली आणि आत रात्र केली. भूत घामाने निथळत होतं. दर दोन मिनिटांनी तिचा पांढरा रंग ओघळायचा आणि ती म्हणायची, "पंकज, मले पानी दे नाईतं खरंच मरतो मी इथी."

उस्तादाचं काम वडशाच्या एका नटाकडे होतं. तो आलाच नाही. पंकजने माझ्याकडे पाहिलं. मी मुसलमान, पेटी वाजवतो, दाढी पिकलेली. उस्ताद व्हायला आणखी काय लागतं? कोणाच्या तरी लग्नातली शेरवानी अंगात घातली आणि मला ऑर्गनवर बसवलं.

आता ऑर्गनचं असं असतं की पावसाळ्यात लाकूड फुगतं. पट्टी दाबली की कधीकधी वर येत नाही, खालीच अडकते आणि तिचा सूर वाजतच राहतो. त्या दिवशी कोमल रिषभाची पट्टी अडकली. मी वाजवत होतो साधीच एक नाटकातली करुण चाल, आणि खालून हा रिषभ न थांबता कण्हत होता. मी हात काढून घेणार, तर पंकज ओरडला, "थांबू नका मास्तर, हेच पायजे!" शेवंताबाईच्या अंगावर खरोखर काटा आला. संकलन करताना पंकजने त्याला नाव दिलं, राग प्रेतरंजनी. सिनेमाच्या सुरुवातीला पाटी आली: 'हा प्राचीन राग आजवर फक्त एकाच घराण्याला ठाऊक होता.' ते घराणं म्हणजे माझी अडकलेली पट्टी.

सिनेमाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही मोबाईलवर शोधाल.

टॉकीज कोण देणार? पंकजने तो मोबाईलवरच सोडला, आणि आमच्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तो घरोघरी गेला. मला लोक रस्त्यात थांबवून उस्ताद म्हणायला लागले. पहिले चार दिवस बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग गाण्याचा क्लास घेणाऱ्या बाई पेटी दुरुस्तीला घेऊन आल्या. मी भाता उघडून बसलो होतो. त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "हबीबभाऊ, तो राग कोणत्या थाटातला हो?" त्या चिडवत नव्हत्या. त्यांना खरंच वाटत होतं की मला काही ठाऊक असेल. माझे कान तापले. मी भात्यात डोकं घालून म्हणालो, "बाई, भोक सापडलं बघा." तेव्हा वाटलं होतं, लाज म्हणजे एवढीच.

नंतर जिवतीकडचे रामरावभाऊ आले. डोंगरावरचे शेतकरी, कापूस-सोयाबीनवाले, चांगला समजूतदार माणूस. काळीपिवळी जीप करून आले होते आणि जीपमध्ये त्यांची सून आडवी टाकलेली होती. दोन-तीन दिवसांपासून भलतंच बोलत होती, कोणाला ओळखत नव्हती. रस्त्यात दवाखाने सोडत सोडत ते माझ्या दुकानापर्यंत आले होते.

मी तिच्या मनगटाला हात लावला. तव्यासारखं तापलेलं होतं.

"भाऊ, हा ताप आहे. दवाखान्यात न्या. मी काई उस्ताद नाई. तो सिनेमा आहे."

रामरावभाऊंनी हात जोडले. "मोठे लोक असेच म्हणते, उस्ताद. तुमी नाई वाजवत तं मंग राजुऱ्याकडं एक मांत्रिक हाये, तिकडं नेतो."

आणि ते खरोखर जीपमध्ये बसायला निघाले. अशा वेळी माझा हात आपोआप चालतो. रंगमंचावर कोणी अडकलं की विचार करत बसायचं नसतं, काहीतरी वाजवून वेळ मारून न्यायची असते. मी म्हणालो, "थांबा. वाजवतो. पण ही धून दुकानात लागत नाई. पेशंटले आधी सरकारी दवाखान्यात भरती कराचं, सुई लागली पायजे, सलाईन चढली पायजे, मंग बाहेर बसून वाजवाची. तसाच नियम आहे."

"नियम हाये तं हाये," रामरावभाऊ म्हणाले.

हातपेटी घेऊन मी त्यांच्या जीपमध्ये बसलो. डॉक्टरांनी रक्त तपासलं. मलेरिया होता, डोक्यात चढलेला. उपचार सुरू झाले. वॉर्डातल्या सिस्टरने मला पेटीसकट बाहेर काढलं, तर मी वऱ्हांड्याच्या टोकाला खांबाशी बसून हळूच वाजवलं. हातपेटीची पट्टी काही अडकत नव्हती, तेव्हा रिषभावर करंगळी दाबून ठेवली. सून वाचली. आठवड्याने पायांनी चालत गाडीत बसली.

मला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं! चहाच्या टपरीवर, कंपनीच्या तालमीत, नातेवाइकांच्या लग्नात मी हा किस्सा रंगवून सांगत होतो. कसं उल्लू बनवून पेशंटला दवाखान्यात नेलं, कशी माझी करंगळी सुजली. लोक हसायचे, टाळी द्यायचे. नाटकाची लाज राखली तशी मी एका बाईचा जीव राखला, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

रामरावभाऊंनीही हीच गोष्ट सांगितली, पण त्यांच्या परीने. उस्तादाने धून वाजवली आणि सून उठून बसली. त्यांच्या पुतण्याने मी वाजवत असताना मोबाईलवर व्हिडिओ काढला होता. त्यात मी, माझी पेटी आणि मागे एक पिवळा खांब दिसत होता. दवाखाना दिसत नव्हता. सिनेमापेक्षा हा व्हिडिओ जास्त फिरला, कारण हा खरा होता.

मग गर्दी सुरू झाली. हसावं की रडावं अशी माणसं यायची. एकाची म्हैस दूध देत नव्हती. एका साहेबांना बदली रद्द करून हवी होती; त्यांनी चक्क गाडी लांब उभी केली आणि तोंडाला रुमाल बांधून आत आले. जंगलाला लागून शेत असलेल्या एका गाववाल्याने विचारलं, ही धून भोंग्यावर लावली तर वाघ पळेल का. मी त्याला म्हटलं, "वाघ पळन का जवळ येऊन बसन, ते मले कसं सांगता येईन भाऊ?" तो विचार करत गेला.

प्रत्येकाला मी सांगत होतो की हे सगळं खोटं आहे. पट्टी अडकण्याची गोष्ट सांगत होतो. लोक मान डोलवायचे, एकमेकांकडे पाहायचे, आणि जाताना म्हणायचे, किती साधा माणूस आहे. दुकानावर पाटी लावली: 'येथे फक्त पेट्या दुरुस्त होतात. भूत उतरवले जात नाही.' दुसऱ्या दिवशी गडचिरोलीहून आलेली दोन माणसं पाटी वाचून म्हणाली, "बरोबर पत्त्यावर आलो." माझी बायको नसीम म्हणाली, तुम्ही एवढं खरं बोलता, कोणी ऐकत का नाही? मी म्हणालो, ऐकणार नाहीत, पण निदान मी सांगतो तरी आहे. माझ्या मनाला तेवढं पुरत होतं.

बल्लारपूरचा तो माणूस आला तेव्हा दुपार होती, दुकानात मी एकटाच. पस्तिशीचा, कारखान्यात नोकरी करणारा, पायात बूट, शर्टाच्या खिशाला पेन. दुचाकी लावून आत आला आणि न विचारता सतरंजीवर बसला. मी नेहमीचं सुरू केलं, "हे पाहा भाऊ, मले काई येत नाई, तो सिनेमा—"

"काम घेऊन नाई आलो उस्ताद," तो म्हणाला. "माफी मागाले आलो."

त्याने सांगितलं ते असं. बायको आणि आठ वर्षांचा मुलगा सुट्टीत एटापल्लीकडे, तिच्या माहेरी गेले होते. मुलाला थंडी वाजून ताप आला, सकाळपासून बरळायला लागला. सासऱ्यांनी जीप बोलावली होती. जीप दारात उभी होती. बायकोने याला फोन केला.

"मीच म्हटलं, हलवू नका त्याले," तो म्हणाला. "मी धून पाठवतो, ती पूर्ण लावा, मंगच उचला. पूर्ण व्हायच्या आधी हलवाचं नसते ना. मी इकडून गाडी घेऊन निघालोच होतो."

मी हातातली पट्टी खाली ठेवली.

"तिथी रेंज नीट नाई राहत. व्हिडिओ अर्धाच उतरला. अर्ध्यावर येऊन अडके. त्याची माय पुन्हा पुन्हा लावून राह्यली, रेंजसाठी कधी छपरावर जाऊन, कधी झाडाखाली, मंग पुन्हा त्याच्यापाशी. दोन-अडीच तास गेले. मंग सासऱ्यानं कोणाचं ऐकलं नाई, पोराले उचललं." त्याने खिशाचं पेन काढलं, पुन्हा लावलं. "रस्त्यातच गेला."

मग त्याने हात जोडले. माझ्यासमोर, त्या माणसाने, हात जोडले. "तुमची धून आमी पूर्ण नाई वाजवू शकलो. माफ करा. एकच विचाराचं होतं. पूर्ण वाजली असती तं वाचला असता ना?"

हो म्हणायला किती सोपं होतं. एक शब्द, आणि सगळा दोष मोबाईलच्या टॉवरवर गेला असता. तो निदान रात्री झोपू शकला असता. अडकलेल्या माणसाला सोडवणं हेच तर मी जन्मभर केलं. माझ्या तोंडात तो शब्द आलाही होता. पण मला त्याच्या गल्लीतली दुसरी पोरं दिसली, त्यांच्या आया दिसल्या, आणि मी तो गिळला.

"नाई," मी म्हणालो. "त्या धुनेत काईच नाई, भाऊ."

"काईच नाई म्हणजे?"

मी उठून ऑर्गनवरचं कापड काढलं. पायाने भाता हलवला, रिषभाची पट्टी दाबली आणि बोट तसंच ठेवलं. तो कण्हणारा सूर दुकानात भरला. "पावसानं लाकूड फुगलं होतं. पट्टी अडकली. एवढंच आहे."

"पण जिवतीची सून?"

"तिले मलेरिया होता. आमी दवाखान्यात होतो. सलाईन लागल्यावरच मी वाजवलं, वाजवलं नसतं तरी ती वाचली असती. वाजवतो म्हटल्याशिवाय ते तिले दवाखान्यात नेतच नव्हते."

"दवाखान्यात?" त्याने मोबाईल काढला, तोच व्हिडिओ लावला, डोळ्याजवळ नेऊन पाहिला. "कुठी हाये दवाखाना?"

मी पिवळ्या खांबावर बोट ठेवलं. खांब, एवढंच. त्याने पुन्हा पाहिलं. "हे मले कोणी सांगतलं नाई," तो म्हणाला. आवाज चढला नाही, शिवी दिली नाही. त्याने मला मारलं असतं तर मी हात वर केला नसता.

इतक्या लोकांना इतक्या वेळा खरं सांगितलं होतं. सगळे हसून गेले होते. याने मात्र एका दमात मानलं. मनातल्या मनात मी विनवत होतो की यानेही म्हणावं, मोठे लोक असेच बोलतात. तो म्हणाला नाही. दोन पेट्यांच्या मधे जमिनीवर भात्याचे कातडी तुकडे पडले होते, ते तो एकेक उचलून एका जागी ठेवत होता.

शेवटचा तुकडा ठेवून म्हणाला, "हे त्याच्या मायले कसं सांगू? तिनंच लावून धरली होती त्याच्या उशाशी."

माझ्याजवळ वाजवण्यासारखं काही नव्हतं. मी दुकानाचं शटर ओढलं आणि म्हणालो, "चला. मी सांगतो."

त्याच्या दुचाकीवर मागे बसून बल्लारपूरला गेलो. रस्ताभर वाटत होतं की गाडी पंक्चर व्हावी, फाटक लागावं, त्याने म्हणावं की राहू द्या, परत जा. तसलं काही झालं नाही. किती शरम वाटत होती ते लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत. उस्ताद म्हणवून घेतल्याची कमी होती. त्या चार दिवसांत बरं वाटलं होतं, टपरीवर टाळ्या घेतल्या होत्या, आणि जिवतीची गोष्ट माझ्या हुशारीची गोष्ट म्हणून सांगत फिरलो होतो, त्याची जास्त. दवाखाना त्या गोष्टीतून रामरावभाऊंनी काढला, व्हिडिओने काढला हे खरं. पण मी सांगायचो तेव्हाही लोक हसायचे ते माझ्या करंगळीला. दवाखान्यापाशी कोणी थांबत नव्हतं, आणि मी कोणाला थांबवलंही नव्हतं.

दोन खोल्यांचं घर होतं. दाराबाहेर लहान सायकल भिंतीला टेकवलेली. त्याने हाक मारली तशी ती बाहेर आली, हाताला कणीक लागलेली. तिने मला पाहिलं. कोण म्हणून विचारलं नाही, तिला विचारावं लागलंच नाही. व्हिडिओ अर्ध्यावर अडकायचा तेव्हा पडद्यावर मीच असायचो, डोळे मिटून, मान हलवत. पोराच्या उशाशी तिने दोन-अडीच तास मलाच पाहिलं होतं.

"उस्ताद आले," ती नवऱ्याला म्हणाली, आणि घाईघाईने हात पदराला पुसले.

मी म्हणालो, "बाई, मले तुमाले काई सांगाचं आहे."

"सांगा ना. आधी आत तं या," ती म्हणाली, डोक्यावरून पदर घेतला आणि माझ्या पाया पडायला वाकली.